न बदललेला पासवर्ड

गावंडेकाका कधी कुणाला पासवर्ड विचारत नसत, आणि कुणी आपणहून सांगू लागलं तर सरळ खोलीबाहेर निघून जात. अकोल्याच्या त्या दैनिकात मी वेबसाइटच्या कामाला लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला हा प्रसाद मिळाला. त्यांनी माझं खातं उघडलं, पडद्यावर माझं नाव दोनदा वाचून खात्री केली, मग ‘आता तुहा पासवर्ड तू टाक’ असं म्हणून खुर्ची भिंतीकडे वळवली. टाइप करताना तोंडाने पुटपुटायची मला सवय. दोन अक्षरं बाहेर पडली असतील नसतील, तोच भिंतीकडे तोंड ठेवूनच ते म्हणाले, ‘झाला बरबाद. पुस, नवा घे.’

‘काका, दोनच अक्षरं गेली तोंडातून.’

‘मले मालूम पडलं तं तो तुहा राह्यला नाही. पुस.’

मी मनात म्हटलं, घ्या, अमरावती सोडून इथे आले आणि पहिल्याच दिवशी असल्या माणसाच्या हाताखाली सापडले. तिसरा पासवर्ड त्यांना पसंत पडला. म्हणजे त्यांना तो कळला नाही, म्हणून पसंत पडला.

मूळचे ते मुद्रितशोधक. उंच, जरा पुढे वाकलेले, शर्टाच्या खिशात तांबडी पेन्सिल. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि घरी जाताना उद्याच्या अंकात काय चुकलं असेल याची काळजी बरोबर नेली. पेपरची वेबसाइट काढायचं ठरलं तेव्हा नागपूरहून एक इंजिनिअर आला, आठवड्यात सगळं उभं करून म्हणाला, याच्या चाव्या कुणाच्या हातात द्यायच्या? आमचे मालक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, त्यांनी ऑफिसभर नजर फिरवली आणि गावंडेकाकांवर थांबवली. अशा रीतीने दोन बोटांनी टाइप करणारा माणूस आमच्या पॅनलचा प्रमुख झाला. बातम्या वेबसाइटवर चढवायची जी आतली जागा, तिला आम्ही पॅनल म्हणत असू. बाळापूरपासून मोर्शीपर्यंतच्या प्रत्येक प्रतिनिधीचं तिथे आपलं खातं होतं, आणि कोणाला काय करता येईल हे गावंडेकाका ठरवत.

खातं घ्यायला स्वतः अकोल्याला यावं लागे. मोर्शीचा आमचा प्रतिनिधी संत्र्याची तोड चालू असताना दिवस मोडून आला आणि फणफणला, ‘फोनवर सांगतलं असतं तं काय बिघडलं असतं?’

‘फोनवर तूच हाएस का दुसरा कोणी, मी कसा वळखू?’ काका शांतपणे म्हणाले. मग त्याला आपल्या डब्यातली भाकर आणि जवसाची चटणी खाऊ घातली, आणि त्याने पासवर्ड टाकेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसून राहिले.

कुणी पासवर्ड विसरला की मात्र फोनवर भागवावंच लागे. तेव्हा काका ओळख पटवून घेत, आणि तो कार्यक्रम पाहायला आम्ही सगळे हातातली कामं टाकत असू. बाळापूरचे नासीरभाई एकदा सर्दीने घसा बसलेल्या आवाजात म्हणाले, काका, मी आहे, नवा पासवर्ड टाकायची सोय करून द्या. काकांना आवाज पटेना.

‘गेल्या ईदले मी तुमच्या घरी आलतो. मी पडलो कुठी?’

पलीकडे नासीरभाई दोनदा शिंकले. मग बसक्या आवाजात उत्तर आलं, ‘पडले नाही काका, बसले. बकरीच्या पाण्यात.’

‘हाव, हेच नासीरभाई,’ काका आमच्याकडे वळून म्हणाले, आणि काम करून दिलं. आम्ही पोट धरून हसलो. ते हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

खुद्द भाऊसाहेबांनी एकदा मुख्य पासवर्ड मागितला होता. काकांनी त्यांना दोन मिनिटांत तितक्याच अधिकाराचं वेगळं खातं करून दिलं आणि सांगितलं, ‘पेपर तुमचा हाए भाऊसाहेब. पण हा पासवर्ड माहा हाए.’ मालकाशी असं बोलून नोकरी टिकवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्यांचा हट्ट एकाच गोष्टीसाठी होता. बातमीवर ज्याचं नाव आहे त्यानेच ती लिहिलेली असली पाहिजे. कागदावर चूक झाली तर दुसऱ्या दिवशी शुद्धिपत्र देता येतं, इथून गेलेली चूक कुठे कुठे पोचली तेच कळत नाही, असं ते म्हणत. आपल्या पॅनलमधून एकही खोटी बातमी गेली नाही, हा त्यांचा एकुलता एक अभिमान होता. तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

दर सोमवारी सकाळी ते हजेरी घेत. माणसांची नाही, खात्यांची. यादी उघडून एकेक नाव मोठ्याने वाचायचं आणि मी ‘हाए’ म्हणायचं. कोणी नोकरी सोडलेली असली तर ‘गेला’ म्हणायचं, मग ते त्याचं खातं बंद करीत. मला पहिले काही महिने हा पोरखेळ वाटे. नंतर तो सोमवारचा अर्धा तास मला आवडायला लागला, कारण प्रत्येक नावासोबत ते त्या माणसाचं काहीबाही सांगत.

यादीत सर्वांत वर नाव होतं दिगांबर राऊत, हिवरखेड. दिगूभाऊ आणि काका पोरसवदा वयात एकाच छापखान्यात खिळे जुळवायला बसायचे. पुढे काका इथे आले आणि दिगूभाऊ गावी जाऊन पानमळा सांभाळता सांभाळता आमचे प्रतिनिधी झाले. स्वभाव पार उलटा. बुटका, मोठ्या आवाजाचा माणूस, ऑफिसात शिरला की जिन्यावरूनच कळायचं. बाकी सगळ्यांच्या बातम्या आधी आमच्याकडे तपासायला येत. दिगूभाऊंची बातमी मात्र त्यांनी बटण दाबलं की थेट वेबसाइटवर जाई. ही मुभा काकांनी दिली होती आणि कारण विचारलं की एकच सांगत, ‘दिगूच्या बातमीले तपासाची गरज नाही.’ ते खरंही होतं. पानपिंपरीच्या औषधी वेलांवर रोग पडला हे लिहायच्या आधी तो माणूस दहा मळ्यांत जाऊन पानं उलटी करून पाहून यायचा.

पौषात दिगूभाऊ गेले. सकाळी मळ्यात पाणी द्यायला गेले आणि तिथेच बसल्या जागी खलास झाले. काका मातीला जाऊन आले, दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे कामावर आले. पुढच्या सोमवारी यादी उघडली, पहिलं नाव वाचलं आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाले, ‘हाए.’

मी पुढच्या नावाला ‘हाए’ म्हटलं.

पण त्याच्या पुढच्या सोमवारीही ते ‘हाए’ म्हणाले. तेव्हा मी विषय काढला. खातं काढून टाकायला गेलं की सिस्टीम विचारते, या माणसाच्या बातम्या पुसायच्या की दुसऱ्या कुणाच्या नावावर लावायच्या? काका म्हणाले, त्यानं इतके वर्ष लिहिलं, ते पुसू कसं, अन् दुसऱ्याच्या नावावर चढवू कसं? ते मला पटलं. मग मी म्हटलं, खातं राहू द्या, निदान पासवर्ड बदला, म्हणजे कुणाला आत शिरता येणार नाही.

‘बदलतो. तेरवी होऊ दे.’

तेरवी झाली. होळी झाली. पासवर्ड तोच. शेवटी एकदा मी जरा चिडूनच विचारलं, तेव्हा त्यांनी मला पडद्यावर एक मजकूर दाखवला. कुणाचाही पासवर्ड बदलला की त्या माणसाच्या फोनवर आपोआप एक पत्र जात असे. इंजिनिअरने ते इंग्रजीत ठेवलं होतं. काकांनी त्याचं मराठी केलं होतं, नीट, पूर्णविरामासकट. ‘आपला पासवर्ड बदलण्यात आला आहे. हा बदल आपण केला नसल्यास तातडीने संपर्क साधावा.’

‘दिगूचा फोन शोभावहिनीजवळ हाए,’ ते म्हणाले. ‘रोज चार्ज करते ते. असं पत्र गेलं त्या फोनवर तं तिनं काय समजावं? हापिसानं नवऱ्याचं नाव काढलं असं समजंन ते. अन् बदल आपण केला नसल्यास, असं लिहेल हाए म्या. तिनं कोणाशी संपर्क साधाचा?’

मी सुचवलं, आधी मेलचा पत्ता बदला. त्यांनी तेही पाहून ठेवलं होतं. पत्ता बदलला की जुन्या पत्त्यावर ‘आपला पत्ता बदलण्यात आला आहे’ असं दुसरं पत्र जात असे. तो मजकूरही त्यांनीच लिहिलेला. निदान थेट चढवायची मुभा तरी काढा म्हटलं, तर तो त्यांना मित्रावर अविश्वास वाटला. पुढे, सगळं होऊन गेल्यावर, त्या नागपूरच्या इंजिनिअरने मला सांगितलं की ही पत्रं बंद करायची सोय सिस्टीममध्ये होती. एका ठिकाणची खूण काढली असती की झालं असतं. त्याला विचारावं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. या गोष्टीचा राग मला आजही येतो, आणि तो अर्धा माझ्यावरच असतो.

वैशाखात एका सोमवारी हजेरी चालू असताना काकांचा आवाज पहिल्याच नावावर अडला. प्रत्येक नावापुढे तो माणूस शेवटचा कधी आत आला होता ते दिसे. दिगूभाऊंच्या नावापुढे कित्येक महिने पौषातली तारीख होती. आता तिथे ‘काल’ असं आलं होतं.

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग आत जाऊन तपासलं. कुणी काही लिहिलं नव्हतं, काही पुसलं नव्हतं. नुसतं कुणीतरी आत येऊन गेलं होतं.

‘दिगूची पोरगी असंन,’ काका म्हणाले. ‘बापाच्या बातम्या वाचत असंन.’

‘बातम्या वाचायला आत कशाला जावं लागतं काका? त्या बाहेरही दिसतात.’

‘तिले काय समजते त्यातलं? वाचू दे.’

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग श्रावणात एका सोमवारी तिथे एक अर्धवट बातमी साठवलेली सापडली. तिच्यात एकच शब्द होता, ‘हिवरखेड’, आणि पुढे आडवी रेघ. दिगूभाऊ आपली प्रत्येक बातमी अशीच सुरू करत. काका त्या शब्दाकडे फार वेळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही. मला तिथे आनंदासारखं काहीतरी दिसलं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तांबड्या पेन्सिलीच्या जोरावर आयुष्य काढलेला माणूस मेलेल्या मित्राची वाट पाहत होता.

मी म्हटलं, ‘काका, हे कुणीतरी हात चालवून बघतंय. आज बदला.’

‘तू काहून घाबरून राह्यली वं? पोरगी शिकून राह्यली. बापाची जागा मांगंन उद्या.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘पोयाले जातो हिवरखेडले. तिले इचारतो समोरासमोर. मंग बदलतो.’

मी मान डोलावली. भाऊसाहेबांना सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तेही इथे लिहून ठेवते.

पोळ्याला आठ दिवस होते. बुधवारी दुपारी माझा फोन वाजू लागला. आधी नासीरभाई, मग अकोटचा एकजण, मग ओळख नसलेले नंबर. सगळे एकच विचारत होते, खरं आहे का? मी वेबसाइट उघडली. पहिल्याच जागी दिगांबर राऊत यांच्या नावाने बातमी होती. मुलं पळवणारी बाई परिसरात फिरत आहे. डोक्यावर टोपली, हिरवं लुगडं, जुन्या कपड्यांवर भांडी देण्याच्या बहाण्याने घरात शिरते. नागरिकांनी सावध राहावं. ‘हिवरखेड’ आणि पुढे रेघ. भाषा इतकी दिगूभाऊंसारखी की क्षणभर मलाही ती खरी वाटली.

काकांनी दोन बोटांनी ती बातमी काढली. तोवर ती चढून पाऊण तास झाला होता. मग त्यांनी दिगूभाऊंचं खातं उघडलं आणि पासवर्ड बदलला. पत्र गेलं असणार.

‘काढली,’ ते म्हणाले. ‘गेली ना आता?’

माझ्या फोनवर त्याच बातमीचा फोटो येऊन पडला होता. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, आणि वरच्या कोपऱ्यात आमच्या पेपरचं नाव होतं त्यावर अंगठा घासला. पुसलं जातंय का बघावं तसा.

तिन्हीसांजेच्या आधी कळलं की हिवरखेडच्या पलीकडे एका गावात लोकांनी एका भांडेवालीला धरून मारलं. गावाचं नाव लिहीत नाही. बाईचं नाव कमलबाई, अकोल्याचीच, वीस वर्षं त्या भागात फिरणारी. लुगडं हिरवंही नव्हतं. जीव वाचला, उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

पोलिसांनी आमच्याकडच्या नोंदी नेल्या. दोन दिवसांत एवढं निघालं की हिवरखेडच्या बसस्टँडजवळ एक झेरॉक्सचं दुकान आहे, डोळे अधू झाल्यापासून दिगूभाऊ फोनऐवजी तिथल्या कॉम्प्युटरवर बसून बातम्या पाठवत. रोज पासवर्ड टाकायचा कंटाळा म्हणून त्यांनी तो त्या कॉम्प्युटरला लक्षात ठेवायला सांगितला होता. पुढे त्या खुर्चीवर जो कुणी बसला त्याला दिगूभाऊंचं खातं उघडं होतं. कोण बसलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी म्हणालं गंमत म्हणून केलं, कुणी म्हणालं भांडेवालीशी कुणाचं तरी वाजलं होतं. ज्याने केलं तो आजही तिथेच कुठेतरी चहा पीत असेल.

भाऊसाहेबांनी आम्हाला खोलीत बोलावलं. ते घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस फार समजूतदारपणे बोलतो. म्हणाले, ‘गावंडे, वेबसाइट हॅक झाली. एवढंच सांगायचं. सगळ्यांच्या होतात, सरकारच्यासुद्धा होतात. दोन ओळी लिहून द्या, विषय संपला. तुमच्यावरही काही येत नाही.’

काका उभेच होते. ‘हॅक नाही झाली भाऊसाहेब. माणूस मेला तवा दार लावाचं काम माहं होतं. म्या लावलं नाही.’

‘हे बाहेर कुणाला कळणार आहे?’

‘मले मालूम हाए ना.’

त्याच दुपारी त्यांनी पॅनलमधून एक खुलासा चढवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या नावाने काही प्रसिद्ध केलं. बातमी पूर्णपणे खोटी आहे, आमचे प्रतिनिधी हयात नाहीत, त्यांचे खाते बंद करणे माझे कर्तव्य होते, ते मी केले नाही, श्रीमती कमलबाई निर्दोष आहेत. एवढंच. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मग मुख्य अधिकार माझ्या नावावर केले, डबा पिशवीत टाकला आणि गेले. भाऊसाहेबांनी मला तो खुलासा काढायला सांगितलं. मी ‘काढते’ म्हणाले आणि काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याने काढला. तसाही तो कुणी वाचला नव्हता. बातमी गावोगाव फिरली, खुलासा जिथल्या तिथे राहिला. महिनाभरात मीही नोकरी सोडून अमरावतीला घरी आले.

जाण्यापूर्वी एकदा दवाखान्यात गेले होते. कमलबाईंच्या खाटेजवळ काका स्टुलावर बसले होते, रोज येत असावेत, कारण नर्स त्यांना बाईंचा भाऊ समजत होती. कमलबाई मला म्हणाल्या, ‘माराले आले ते लोक फोनच पाहून राह्यले होते, बाई. एकदा फोनात पाहे, मंग माह्याकडे पाहे. म्या म्हटलं, माह्याकडेच पाहा ना बापा. पण ते पुन्हा फोनातच पाहे.’

काका बाईंच्या प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे बघत होते.

दिगूभाऊंच्या वर्षश्राद्धाला मी हिवरखेडला गेले. जेवणं उरकल्यावर शोभावहिनी मला आत घेऊन बसल्या. गावंडेभाऊ येऊन सगळं सांगून गेले होते, पाया पडून रडले होते, असं म्हणाल्या. मग कोनाड्यातला तो फोन त्यांनी मला दाखवला. चार्जिंगला लावलेला होता.

‘ते म्हणे, तुमाले ते पत्र जाईन म्हणून म्या बदललं नाही. मले कुठी वाचता येते ते मेल-फेल? म्या तं उघडलंबी नसतं. माह्यी पोरगी तं या फोनले हातच लावत नाही. मी ठेवते कावून, तं यात त्याइचा आवाज हाए एका जागी.’ त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ‘माह्यासाठी केलं म्हणे त्यानं. मी का मांगतलं होतं?’

मी त्यांचा हात धरून बसले आणि मग बसची वेळ झाली.

अकोटकडे येताना वाटेत एका फाट्यावर बस थांबली. रस्त्याच्या कडेलाच गाव, घराघरांच्या ओसरीत कापसाचे ढीग. खिडकीतून मला आधी टोपली दिसली, मग तिच्याखाली गावंडेकाका. भांड्यांची टोपली डोक्यावर नीट बसत नव्हती, म्हणून दोन्ही हातांनी धरलेली. मागे कमलबाई, उजवा हात अंगाशी आखडलेला, डाव्या खांद्यावर जुन्या कपड्यांचं बोचकं. काका एका दारापुढे थांबले, टोपली उतरवली आणि बोलू लागले. शब्द ऐकू येत नव्हते, पण काय बोलत असतील ते मला कळलं. मी पेपरातला गावंडे. ती बातमी खोटी होती. ही बाई ती नव्हे. दारातल्या बाईने ऐकून घेतलं, पोराला आत ओढलं आणि कडी लावली. काकांनी टोपली पुन्हा उचलली आणि शेजारच्या दाराकडे गेले. पलीकडे पानठेल्यावर तीन-चार जण उभे होते. त्यांतल्या एकाने फोन समोर धरला होता. मी खिडकीची काच सरकवू लागले, ती अडकली, आणि बस सुटली.

अंजनगाव येईपर्यंत माझ्या फोनवर तो फोटो आला. आमच्याच नात्यातल्या लोकांच्या ग्रुपवर. टोपली डोक्यावर घेतलेला म्हातारा, मागे ती बाई. खाली लिहिलं होतं, ‘सावधान. आता जोडीनं फिरतात. पेपरवाले आहोत सांगून घरात शिरतात.’

मी तिथेच लिहिलं की हे खोटं आहे, मी यांना ओळखते. माझ्या मावसभावाने विचारलं, तुला कसं माहीत? मी काकांना फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला.

‘काका, त्या गावातून आत्ताच्या आत्ता निघा. तुमचा फोटो फिरतोय.’

‘पाह्यला,’ ते म्हणाले. ‘एका घरी दाखवला मले.’

‘मग निघा ना. मी पोलिसांना फोन करते.’

‘कर. पण मी निघालो तं ते खरं होऊन जाईन ना वं.’ मागे भांड्यांचा आवाज येत होता, टोपली उतरवल्याचा. ‘या गावात पाच घरांनी आमाले पाणी देलं. कमलबाई त्याइच्या ओसरीत बसली. एकीनं तं जुनं लुगडंबी काढलं कोठीतून.’

‘आणि बाकीच्यांनी?’

‘बाकीचे आता बाहीर येऊन राह्यले,’ काका म्हणाले. ‘थांब, मी बोलतो त्याइच्याशी.’

त्यांनी फोन बंद केला नाही, खिशात ठेवला असावा. मी तो कानाशी धरून बसले. बस अमरावतीला पोचेपर्यंत मला त्यांचा आवाज येत होता, मध्ये मध्ये दुसरे आवाज चढत होते आणि पुन्हा त्यांचा, तितकाच सावकाश, प्रत्येक वेळी पहिल्यापासून: मी गावंडे. चूक माझी होती.